दोन टाके उलटे

सोमवार, ६ जानेवारी

वेल्डिंगचं मशीन आलं. खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा मलाच हसू आलं. एवढंसं! चपलांच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं, वर पट्टा, खांद्याला अडकवून भाजी आणायला जावं असं. पुढे एक गोल बटण, त्याच्यावर लाल आकडे, खाली वायरींसाठी दोन भोकं, एक अधिकचं आणि एक उणेचं. मागे पंखा.

कारखाना बंद पडून चार महिने झाले. सोळा वर्षं मी शर्टांच्या शिवणी तपासल्या. शिवण बघून सांगायचे, मशीनवर कोण बसलं होतं. ती विद्या आता कुणाच्या कामाची? म्हणून हा उद्योग. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, मोडके पलंग, खुर्च्यांचे पाय, लोकांच्या दारात जाऊन जोडून द्यायचे. घरात एकटी बाई असली तर ती परक्या पुरुषाला आत घेत नाही, मला घेईल, असा माझा अंदाज. पण आधी शिकायला हवं.

मशीन घेऊन थेट दादाच्या शेडमध्ये गेले. दादा सव्वीस वर्षं लोखंडाची कामं करतोय. त्याचं वेल्डिंग मशीन कपाटाएवढं, हलवायला दोन माणसं लागतात. माझं बघून म्हणाला, "हे काय, जेवणाचा डबा आणलास?" वहिनी पोट धरून हसली. मग त्यानेच वायरी लावून दिल्या. रॉडचा चिमटा अधिकमध्ये, अर्थचा, म्हणजे कामाच्या लोखंडाला लावायचा, चिमटा उणेमध्ये, पिळून घट्ट. "अर्थ कधी रंगावर लावायचा नाही. खरवडायचं, लोखंड उघडं करायचं, मग लावायचा. नाहीतर मशीनला शिव्या देत बसशील." बोलता बोलता त्याने वायर दोनदा भोकाच्या शेजारी टेकवली, तिसऱ्यांदा बसली. नवं मशीन, त्याला सवय नाही.

पहिला रॉड टेकवला तो चिकटलाच. ओढला, हलवला, शेवटी चिमटा सोडून दिला. दादा म्हणाला, "टेकवतेस कशाला? काडी पेटवतात तसा घास." आठव्या वेळी पेटला. काळ्या काचेतून हिरवा उजेड, आणि मधोमध वितळलेल्या लोखंडाचा एक थेंब, अगदी जिवंत. दचकून हात काढून घेतला. नंतर उगाचच रडू आलं. चाळिशी उलटल्यावर काही नवीन येतं आपल्याला, ह्याचंच.

गुरुवार, ९ जानेवारी

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालंय. काल दादाने गप्पा मारता मारता, न सांगता एक टाका मारला आणि मी उघड्या डोळ्यांनी बघत होते. तो स्वतः लहान टाक्यांना काच घेतच नाही. डोळे मिटतो आणि मारतो. सव्वीस वर्षं तेच, आणि त्याचा केवढा अभिमान!

वहिनीने डोळ्यांवर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. म्हणाली, "ह्यांच्यासारखं करू नकोस गं. ह्यांचे तर..." तेवढ्यात दादा आत आला आणि ती दूध उतू जाईल म्हणून उठली. मला दुधाचा वासही आला नाही, पण डोळे मिटलेले असताना कसलं काय कळतंय.

आता कानाला खडा. काच लावल्याशिवाय शेडमध्ये पाय ठेवणार नाही.

बुधवार, १५ जानेवारी

सरळ रेघ जमू लागली. जाड पट्टीला करंटचा आकडा पंचाऐंशीवर ठेवायचा, पातळ पाइपला साठावर आणायचा, नाहीतर भोक पडतं. आज तीन भोकं पाडली. चौथ्याला आवाज ओळखू आला. बरोबर चाललं की कढईत काहीतरी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. रॉड लांब गेला की फडफडतो, जवळ गेला की गुदमरतो.

माझी एक खोड मात्र दादाला आवडत नाही. रेघ संपली की मी तशीच सोडत नाही, रॉड दोन पावलं मागे आणते आणि मग उचलते. कारखान्यात कटिंग मास्तरांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं, शिवण संपली की दोन टाके उलटे, नाहीतर दोरा उसवतो. इथेही शेवटी खड्डा पडतो, तो त्याने भरून येतो. तिथे एक लहानसा उंचवटा राहतो, एवढंच.

दादा म्हणाला, "शिंपीणबाई, हे लोखंड आहे, झबलं नाही. पुढे गेलं की मागे यायचं नाही. असलं काम लगेच ओळखू येतं."

"ओळखू आलं तर बिघडलं कुठे?" म्हटलं.

"बिघडतं," म्हणाला आणि विषय संपवला.

काळी खपली हातोडीने उडवून मी तुकडा त्याच्यासमोर धरते. तो बघतच नाही, अंगठा फिरवतो. खरा कारागीर बोटाने बघतो म्हणे. आणि मग ठरलेलं, "कच्चं आहे." रोज तेच. मला स्वतःला शिवण एकसारखी दिसते, पण सोळा वर्षं कापड बघितलेल्या बाईने लोखंडाबद्दल काय बोलावं.

बुधवार, २२ जानेवारी

आज मास्तरांना भेटायला दवाखान्यात गेले. कारखाना बंद झाला त्याच महिन्यात त्यांची उजवी बाजू गेली. आता रोज तिथे जाऊन चालायला शिकतायत. ज्या माणसाने शंभर थरांचं कापड एका हाताने दाबून कापलं, त्याला दोन माणसं धरून उतारावरून चढवतात. दारात पायऱ्यांशेजारी तो लांब सिमेंटचा उतार आहे, मध्ये एक वळण, आणि धरायला काहीही नाही. मास्तर वळणावर थांबले, मला बघितलं आणि मान खाली घातली. मी बघायला नको होतं.

मोठ्या सिस्टर तिथेच होत्या. म्हणाल्या, "रेलिंग हवंय हो, कितीतरी दिवसांपासून. कुणी येऊन करून देत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते."

त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. मी कारखान्याचं, मशीनचं, सगळं सांगितलं. "करा मग, ताई," म्हणाल्या. बस, एवढंच! मी लगेच टेप मागून मापं घेतली. उतार दोन भागांत, वळण काटकोनात, खांब चौदा, उंची नव्वद सेंटीमीटर. मास्तरांना कानात सांगितलं, "तुमच्यासाठी धरायला करतेय." त्यांनी चांगल्या हाताने माझं बोट दाबलं.

येताना पाय जमिनीवर नव्हते. दादाला सांगितलं, मापांचा कागद दाखवला. त्याने कागद हाताच्या अंतरावर धरला, मग वहिनीकडे दिला. "वाच गं," म्हणाला, "हिचं अक्षर म्हणजे किडे." माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत बक्षीस होतं.

शनिवार, २५ जानेवारी

मन लागत नाही. दादा स्वतः जाऊन सिस्टरांना भेटून आला. म्हणाला, "सांगितलं त्यांना, हिचा हात अजून कच्चा आहे, सहा महिने थांबा. माणसं त्यावर अंगाचा भार टाकणार. उद्या कुणी पडलं तर?"

ऐकून तोंडात मारल्यासारखं झालं. पण चिडू कुणावर? तो म्हणतो तेच खरं असणार. मास्तर वळणावर हात टाकतील आणि जोड सुटेल, हे डोळ्यांसमोर आलं. मोठा भाऊ आहे, माझं वाईट का चिंतील? त्याला सिस्टरांशी जे बोलायला जड गेलं असेल ते माझ्याच भल्याचं.

सिस्टरांना तोंड कसं दाखवू, म्हणून दवाखान्यात जाणं थोडे दिवस बंद.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दादाने सरावाला माल काढून दिला. कुणा गिऱ्हाइकाचं रद्द झालेलं काम आहे, भंगारात जायचं. "त्याच्यावर हात साफ कर." केवढा जीव लावून शिकवतो. रॉडही त्याचेच.

पाइपचे खांब आहेत. खाली चार भोकांची पट्टी जोडायची, वर एक वाकवलेला पाळणा, ज्यात आडवा पाइप बसतो. गंमत म्हणजे खांब नव्वद सेंटीमीटरचे, आणि चौदाच. माझ्या दवाखान्याच्या रेलिंगचंही तेच माप. दादाला म्हटलं तर म्हणाला, "सगळ्या रेलिंगची उंची हीच असते. माणसाची कंबर काय वेगवेगळ्या उंचीवर असते?" हसू आलं. मला ह्यातलं खरंच काही कळत नाही.

तीन खांब झाले. "कच्चं आहे. पुढचे कर."

बुधवार, १२ फेब्रुवारी

चौदाही झाले. शेवटचे पाच तर मला स्वतःला इतके आवडले की खपली उडवल्यावर बराच वेळ नुसती बघत बसले. शिवण बारीक, दाट, कुठे ओघळ नाही, कुठे भोक नाही. दोन टाके उलटे मात्र प्रत्येकाला आहेत, सवय जात नाही. दादाने अंगठा फिरवला. ह्या वेळी जरा जास्त वेळ फिरवला. वाटलं, आज म्हणेल. म्हणाला, "बरं. ठेव तिकडे."

वहिनीच्या नखांत राखाडी रंग होता. विचारलं तर दाराला लावतेय म्हणाली. चहा देताना माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या रोजच्या येण्याचा कंटाळा आला असेल. उद्या तिच्यासाठी काहीतरी घेऊन जाईन.

बुधवार, १९ फेब्रुवारी

खांब गेले, भंगारवाल्याने उचलले म्हणे. जरा वाईट वाटलं. एखादा ठेवून घ्यायला हवा होता.

आज मी हट्टच धरला, "दादा, एकदा तू माझ्या मशीनवर करून दाखव. पक्कं कसं दिसतं ते तरी बघू दे." टाळत होता. शेवटी काच ओढली, रॉड घेतला, वाकला. पेटवला तो जोडाच्या बोटभर बाजूला, आणि तसाच पुढे नेला. लोखंडाचा ओघळ नुसता पाइपवर बसला, दोन तुकडे सुटेच्या सुटे. त्याने चिमटा फेकला. "खेळणं आहे हे! ह्याच्यावर कोण काम करणार? करंटच येत नाही."

चूक माझीच होती. वीज आणायची लांब वायर मी गुंडाळी न सोडता तशीच ठेवली होती. गुंडाळलेली वायर तापते, करंट पडतो, पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय. माझ्या निष्काळजीपणाने दादाचा माझ्यासमोर अपमान झाला. दाराला मात्र जुनाच रंग आहे, जाताना दिसलं. वहिनीने अजून सुरुवात केली नसेल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दादा म्हणतो मशीन त्यालाच देऊन टाक. "तुझ्याच्याने व्हायचं नाही. शेडमध्ये पडून राहील, अधूनमधून येऊन हात फिरवत जा, मी काम काढून देईन." दोन महिने झाले आणि एकदाही त्याच्या तोंडून चांगला शब्द निघाला नाही. खरंच नसेल येत मला. माणसाने आपली पायरी ओळखावी. देऊन टाकते, झालं.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "देऊ नकोस मशीन."

"का गं?"

"असंच." आणि आत पळाली.

मंगळवार, ४ मार्च

आजचं आजच लिहिणार.

मास्तरांना बघून महिना उलटला म्हणून लाज गुंडाळून दवाखान्यात गेले. फाटकातूनच दिसलं. उताराला रेलिंग! राखाडी रंगाचं, नवंकोरं, आणि वळणावर तारेने बांधलेली पत्र्याची पाटी, तिच्यावर दादाच्या शेडचं नाव.

पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहिते. वाटलं, चला, मास्तरांची सोय झाली. मग मनात आलं, मला न सांगता? सिस्टर बाहेर आल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुमच्या दादांनी सांगितलं, तुम्हाला भीती वाटली, तुम्हीच नको म्हणालात. मग ते म्हणाले मी करतो. किती पटकन केलं!"

मी नको म्हणाले. मी! त्यांच्यासमोर नुसती मान हलवली.

मास्तर उतारावर होते, एकटे. चांगला हात पाइपवर, दुसरा छातीशी. मला बघून थांबले. त्यांचं बोलणं अजून तुटक येतं. म्हणाले, "छान... केलंस."

"मी नाही केलं, मास्तर. दादाने केलं."

त्यांनी डोकं हलवलं. पाइपखाली बोटं घातली, खांबाच्या वरच्या टोकाशी. माझा हात ओढून तिथे ठेवला. "दोन... टाके."

बोटाला लागलं. पाळणा जिथे खांबाला जोडलाय तिथे शिवणीच्या शेवटी लहानसा उंचवटा. रंगाखाली. मी खाली बसले, मान वाकडी करून बघितलं. पुढच्या खांबाशी गेले. तिथेही. त्याच्या पुढच्या. सरळ दिसणाऱ्या बाजूचे उंचवटे घासून टाकलेले, पण घासणाऱ्याला खालची बाजू दिसलेली नाही. चौदाच्या चौदा. भर दुपारी, दवाखान्याच्या दारात, मी लहान मुलासारखी रांगत माझीच शिवण वाचत होते.

सरावाचा माल. भंगार. कच्चं आहे, पुढचे कर. दाराला रंग लावतेय.

केसाने गळा कापला माझा. आणि मी मान पुढे करून रोज जात होते, वर वहिनीसाठी खाऊ घेऊन.

तेवढ्यात वळणावर लक्ष गेलं. आडव्या पाइपचे दोन भाग तिथे एकमेकांना जोडलेत. हा जोड माझा नाही. तो जागेवरच मारावा लागतो. उंचवटा नाही, आणि बोट फिरवलं तर लोखंडाचा ओघळ एका बाजूला आणि फट दुसऱ्या बाजूला. फटीत रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग. टाका कापडावर पडायच्या ऐवजी बाहेर पडावा तसं. हात लावून हलवलं तर आतून टिकटिक आवाज आला. लांबीला बारीक तडा गेलेला. नेमकी वळायची जागा, जिथे माणूस सगळा भार टाकतो.

मास्तर तिथून चार पावलांवर होते. मी त्यांना काखेत धरून मागे वळवलं आणि वर व्हरांड्यात नेऊन बसवलं. सिस्टरांना सांगितलं, वळणाचा जोड ढिला आहे, मी येईपर्यंत उतारावर कुणाला सोडू नका. त्यांनी दोन खुर्च्या आडव्या लावल्या.

बुधवार, ५ मार्च

सकाळी शेडमध्ये गेले. दादा स्टुलावर बसून होता, वहिनी खिळे निवडत होती.

म्हटलं, "भंगारवाला दवाखान्यात राहतो का रे?"

वहिनीच्या हातातला डबा खाली पडला. दादा आधी हसला, मग चढला. "शेड कुणाची? रॉड कुणाचे? पाइप कुणी कापले? टाके मारले म्हणून काम तुझं झालं?"

"मग माझ्या नावाने नको कशाला सांगितलंस? आणि रोज कच्चं का म्हणायचास?"

"बाईच्या हातचं रेलिंग कुणी घेतलं असतं? माझ्या नावावर खपलं."

"घेतलं होतं, दादा. त्यांनी मलाच सांगितलं होतं."

मी वळणाच्या जोडाचं सांगितलं. लांबीचं, टिकटिकीचं. आणि इतका वेळ चढलेला त्याचा आवाज एकदम खाली आला. तोंडावरून हात फिरवला.

"दिसत नाही गं मला," म्हणाला. "दोन वर्षं झाली. मधलं सगळं धुक्यात गेल्यासारखं. जोड कुठे आहे तेच दिसत नाही. गिऱ्हाइकांना कळलं तर फाटकाशी कोण येईल? तू आलीस, तुझा पहिल्या आठवड्यातच हात बसला. माझ्यापेक्षा चांगला. चांगलं आहे म्हटलं असतं तर गेली असतीस."

दोन महिने ज्याची वाट बघितली ते हे असं ऐकायला मिळालं.

वहिनीकडे वळले. "आणि तू? तुझ्या हाताखालून एकेक खांब गेला. रंग लावताना काही वाटलं नाही?" ती रडायला लागली. म्हणाली, मशीन देऊ नको म्हटलं होतं ना. हो, म्हटलं होतंस. सगळं कळून चौदा खांब रंगवल्यानंतर.

मग दादा जे बोलला ते मी कधी विसरणार नाही. "रविवारी दवाखाना बंद असतो. तू गुपचूप जाऊन तेवढा जोड मारून ये. तुझं मशीन काय, खांद्यावर जातं. कुणाला कळायचं नाही. बहीण आहेस ना माझी?"

एका शब्दाने सांगितलं असतंस, दिसत नाही म्हणून, तर तुझ्या शेजारी उभी राहून तुझी सगळी कामं केली असती, नाव तुझंच ठेवून, हसत. हे त्याला म्हटलं. त्याच्या तोंडावर म्हटलं. तो जमिनीकडे बघत राहिला. तिथेही त्याला काय दिसत होतं कोण जाणे.

मला कीव आली नाही. यायला हवी होती का? सख्खा भाऊ आंधळा होतोय आणि मला फक्त खांब दिसतायत. असो. जे आहे ते आहे.

गुरुवार, ६ मार्च

रविवारची वाट बघितली नाही. आज दवाखाना उघडा असताना, दहा वाजता, माणसांच्या गर्दीत गेले. मशीन खांद्याला, पिशवीत काच, हातमोजे, हातोडी, घासायचं मशीन, कोरड्या रॉडचं पाकीट.

लांब वायर पूर्ण उलगडली. मशीन भिंतीपासून हातभर दूर ठेवलं, पंख्याला हवा मिळावी म्हणून. फरशी ओली होती ती पुसून घेतली. सिस्टरांना म्हटलं, कुणालाही उजेडाकडे बघू देऊ नका, डोळे जातात. त्यांनी दोन चादरी बांधून आडोसा केला. अर्थ लावायच्या जागी रंग खरवडून लोखंड उघडं केलं. हे दादाने शिकवलेलं. हे खरं शिकवलेलं.

मग वळणाचा जोड घासला. लांबी पावडर होऊन उडाली, आणि ओघळ अर्धाही निघाला नाही तोच पाइपचे दोन्ही भाग माझ्या हातात वेगळे झाले. आडोशाच्या आत सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाचा रंग उडाला.

"बाई गं! मास्तर रोज इथेच टेकतात." मग म्हणाल्या, "ताई, हा जोड कुणी मारला होता?"

काल संध्याकाळी मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, जोड मारायचा आणि यायचं. रात्री जेवताना उलटं ठरवलं. आज सकाळी पुन्हा पहिलं. तोंडातून निघालं ते हे: "हा एवढा दादाचा. बाकीचे सगळे माझे."

"म्हणजे?"

त्यांचा हात धरून पाइपखाली नेला. एक खांब, दोन खांब, तीन. दोन टाके उलटे का मारतात ते सांगितलं. पलीकडून मास्तर मोठ्याने म्हणाले, "मी... शिकवलं!" आणि व्हरांड्यातली माणसं हसली.

दोन्ही टोकं जुळवली, पासष्टवर आणलं, काच ओढली, काडीसारखा रॉड घासला. तळल्यासारखा आवाज. वरून, खालून, भोवतीने पूर्ण फेरी. शेवटी दोन पावलं मागे. खपली उडवली. रंग लावला नाही, मुद्दामच. दिसू दे.

आडोसा काढला तेव्हा दादा उभा होता. एकटा. कधी आला, किती ऐकलं, ठाऊक नाही. बहुतेक सगळं. वळणापर्यंत आला, पाइप चाचपला, जोड अजून गरम होता तरी अंगठा फिरवला. एक फेरी, दुसरी फेरी. उंचवट्याशी थांबला.

"पक्कं आहे," म्हणाला. मला म्हणाला, की शेजारी उभ्या असलेल्या कुणाला, कळलं नाही. तोंड सिस्टरांकडे होतं.

जानेवारीपासून ह्या शब्दासाठी जिवाचं रान केलं. आज ऐकला आणि काही झालं नाही. वायर गुंडाळली, चिमटे पिशवीत घातले. सिस्टरांनी पाटीची तार सोडायला घेतली होती, दादा तिकडे बघत नव्हता, किंवा त्याला दिसत नव्हतं.

मग हळूच म्हणाला, "खाली सोडतेस का मला? उताराचा अंदाज येत नाही."

मी मशीनचा पट्टा खांद्यावर टाकला. म्हटलं, "रेलिंग आहे."

त्याने दोन्ही हातांनी पाइप धरला आणि पाय चाचपत उतरू लागला. प्रत्येक खांबाशी त्याचा अंगठा खाली जायचा, थांबायचा, मग पुढे सरकायचा. मी वर उभी राहून बघत होते. वळणापासून खाली सात खांब आहेत. सात वेळा थांबला. मी हात पुढे केला नाही.